गोळीचं आख्यान

“सिस्टर, गोळ्यांची माहिती द्या म्हटलं, तर मनोरुग्णांच्या वॉर्डात कीर्तन?” मोठे डॉक्टर दारातूनच कडाडले. “त्या पेशंटला आधी खाली बसवा.”

मी चिपळ्या थांबवल्या नाहीत. तक्ते दाखवले की सगळे पेंगायचे. आज आमचेच दामूअण्णा गळ्यात हार घालून उभे होते आणि अख्खा वॉर्ड टाळ्यांनी ठेका धरत होता.

“हार घातला की ते बुवा, डॉक्टर. बुवांना मध्येच बसवत नाहीत,” मी म्हणाले.

दामूअण्णांनी उपरणं सावरलं. “गोळी का सोडली, तो पूर्वरंग झाला. पुन्हा का धरली, ते आता उत्तररंगात. ऐकायचं तर बूट बाहेर काढून बसा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. ते बुटाची नाडी सोडायला वाकेपर्यंत मी चिपळ्या वाजवत राहिले.