साठावं नाव

महदिया बंदरावरच्या मासळीच्या कारखान्यात अंगठ्याचं यंत्र बसून महिना झाला, तरी व्यवस्थापक सी लमीन रोज सकाळी अंगणात उभं राहून साठ जणांची हजेरी घ्यायचेच. अरबी अक्षरक्रमानं, तोंडपाठ. कामगार गालातल्या गालात हसायचे. "त्यांना यंत्राचा हेवा वाटतो," असं मुकादम सलवा म्हणायची.

त्या मंगळवारी शीतगृहातून अमोनिया गळाला. सगळे डोळे चोळत अंगणात धावले. कोण आत आलं ते यंत्राला ठाऊक होतं. कोण बाहेर पडलं ते नव्हतं. सी लमीन नेहमीच्या जागी उभे राहिले आणि ओरडले, "अनीस!"

पंचेचाळिसाव्या नावाला सलवाचा धीर सुटला. "अहो, शेवटची नावं आधी घ्या ना!"

"मधे बोलू नकोस! विसरलो तर पुन्हा अनीसपासून यावं लागेल."

एकोणसाठ जणांनी ओ दिली. साठाव्या युनुसची ओ आली नाही.

"तो बर्फाच्या खोलीत होता!" सलवा किंचाळली. तोंडाला वायूचे मास्क चढवून दोघं कामगार आत घुसले आणि त्याला खांद्यावर घालून घेऊन आले. खोकून खोकून बेजार झाला होता, पण शुद्धीवर होता. सी लमीननी त्याच्याजवळ बसून त्याचा हात घट्ट धरला.

"सी लमीन," युनुस कसाबसा म्हणाला, "उद्यापासून हजेरी उलटीकडून घ्या ना."

"ते मला या वयात जमायचं नाही, लेका," सी लमीन डोळे पुसत म्हणाले. "तूच नाव बदल."