अकरा सेकंद

भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुरारीला प्रॅक्टिकलसाठी एक माणूस हवा होता. ब्याऐंशी सालच्या भाऊबीजेला थोरली बहीण रेवता माहेरी करडीला आली, तशी ओवाळून होताच त्यानं तिलाच समोर बसवलं.

"मी एक शब्द बोलतो, ताई. तुह्या मनात पहिले जे येईल ते सांगजो."

कॉलेजातून मागून आणलेलं स्टॉपवॉच त्यानं दाबलं. 'तळं' म्हणताच ती म्हणाली मासोळी, 'जाळं' म्हणताच बाबा. 'सासर' म्हटल्यावर मात्र ती ताटातल्या विझत्या निरांजनाकडे बघत राहिली आणि अकरा सेकंदांनी म्हणाली, "बरं आहे."

मुरारीनं वहीत लिहून घेतलं : 'उत्तराला अकरा सेकंद उशीर. मनात दडवलेलं दुःख.'

"काय निघालं रे माह्या मनातून?" तिनं वहीत डोकावत विचारलं.

"ज्याच्यावर प्रयोग केला, त्याले निकाल सांगाचा नसते," पुस्तकातला नियम सांगून त्यानं वही मिटली.

माघात सासरच्या विहिरीतून रेवताला बाहेर काढलं. मयतीहून परतल्यावर माय त्याला एवढंच म्हणाली, "तू त मनातलं ओळखाचं शिकून राहिला ना रे? तुले काहीच नाही समजलं?"



त्याच आठवड्यात वही तपासून आली. त्या अकरा सेकंदांखाली सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं : 'निरीक्षण उत्तम.'