दुबार नोंद

मंदाकिनीबाईंनी आलाप सुरू केला आणि सभागृहाच्या भिंतींनी तो गिळला. सरकारी डेटाबेसमध्ये नसलेला आवाज भिंती कुणाला ऐकूच देत नसत. बाई तडक नोंदणी कचेरीत गेल्या. शिष्या शाल्मलीही मागोमाग आली.

"काल देशभरातल्या गाण्यांचा डेटा आत घेतला," कारकून पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "तुम्हा दोघींचे आवाज मशीनला एकच वाटले. दुबार नोंद आपोआप उडते. ज्यांचं रेकॉर्डिंग स्वच्छ, त्या राहिल्या. म्हणजे या." त्याने शाल्मलीकडे बोट दाखवलं.

"ही माझी नक्कल आहे," बाई म्हणाल्या.

"मग त्यांनी जरा वेगळं गाऊन दाखवावं. लगेच दोन नोंदी करतो."

बाई शाल्मलीकडे वळल्या. "गा. तुझं काहीतरी गा."

शाल्मलीने डोळे मिटून सूर लावला. तो हुबेहूब बाईंचाच होता. कारकुनाने नकारार्थी मान हलवली.

"मुद्दाम करतेयस तू," बाई दातओठ खात म्हणाल्या.

"माझा स्वतःचा सूर लागला की तुम्ही हातावर पट्टी मारायचात," शाल्मली शांतपणे म्हणाली. "आता तो लागतच नाही, बाई."