आसरांचे तळहात

शेंदूर फासलेल्या सात दगडांपुढे तात्यांनी नारळ फोडला. सकाळी त्यांची नात विहिरीत पडली, पण दोर येईपर्यंत पाण्यावर उताणी, निवांत पडून राहिली.

"पोरीला आसरांनी खालून झेललं," ते अंगणवाडीच्या सुगंधाबाईंना म्हणाले.

गावात सगळे सांगत, विहिरीतल्या सात आसरा पोरांना खाली ओढतात. सुगंधाबाईंचा धाकटा भाऊ पडला तेव्हा त्या भीतीनंच हातपाय झाडत बुडाला. म्हणून त्या अंगणवाडीत वेगळं सांगू लागल्या: उताणं होऊन आभाळाकडे बघत राहिलं, की आसरा तळहातावर धरतात. देवाची गोष्ट बदलली म्हणून तात्या दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हते.

"माझ्या आजाच्या वेळेपासून झेलतात त्या," तात्या म्हणाले.

"हो ना," म्हणत सुगंधाबाईंनी खोबऱ्याचा तुकडा घेतला.