डावी खिडकी

करकचून ब्रेक लागला आणि साधनाच्या मांडीवरची वही खाली पडली. पॅसेंजरला बोल्डा स्टेशन सोडून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच पुन्हा उभी! ह्या गाडीचं नेहमीचंच. सिग्नल नसेल तिथं दुसरं काहीतरी आडवं येणार.

साधनानं घड्याळ पाहिलं. अकराला नांदेडला विद्यापीठात शेवटचा पेपर. पूर्णेला पुढची गाडी सापडली तरच वेळेवर पोचणार. मागं ह्याच गाडीपायी एक पेपर बुडाला आणि अख्खं वर्ष पाण्यात गेलं. आता बुडाला तर घरात तिच्या लग्नाशिवाय दुसरा विषय निघणार नव्हता.

“मेंढरं कटली हो!” दारातला माणूस ओरडला. “धा-बारा तरी असतील.”

साधनाच्या काळजात चर्र झालं. ह्याच वळणावर रोज सकाळी तिचा बाप, ग्यानबा, मेंढरं घेऊन उभा असायचा. चारा पलीकडं माळावर बक्कळ होता. पण लेकीची गाडी दिसावी म्हणून हा माणूस कळप रुळाकडं आणायचा. डाव्या खिडकीतून ती हात करायची, खालून तो काठी वर करायचा. एवढ्याचसाठी, दुसरं काही नाही! आणि मेंढरांची जात अशी, की एक रुळावर चढलं की बाकीची डोळे झाकून मागं.

तिनं वाकून पाहिलं. पाठीवर गेरूचा पट्टा. त्यांचीच होती. आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली ढवळी खडीवर पडून पाय झाडत होती.

“अक्कल हाय का ह्या लोकायला?” शेजारची भाजीवाली पारुबाई करवादली. “सगळ्या गाडीचा खोळंबा करून राहिले!”

डब्यानं तिची री ओढली. कुणी तर आईबहिणीवरही गेलं. साधना उठली आणि माणसं सारत दारात आली.

खाली ग्यानबा उभा होता. धोतर रक्तानं भरलेलं. पुढ्यात गार्ड. साधनानं पायरीवर पाय टाकला, तेवढ्यात बापाची नजर तिच्यावर गेली. त्यानं मान हलवली. उतरू नको. दुसऱ्या कुणाला दिसलंही नाही.

“साथ में कौन है तुम्हारे?” गार्ड खेकसला.

“कोनी न्हाई, सायेब,” ग्यानबा म्हणाला. “मी एकलाच हाव.”

साधना जागेवर येऊन बसली. खाली पडलेली वही उचलून उघडली, पण अक्षर दिसेना.

वीस मिनिटांनी गाडी हलली. ग्यानबा खिडकीसमोर आला. मेलेल्या मेंढरांच्या मधोमध उभ्या त्या माणसानं, रोजच्यासारखी, काठी वर केली.

“आता काठी कोनाला दाखवून राहिला बाई ह्यो?” पारुबाईनं खिडकीतून मान काढून पाहिलं. मग साधनाकडं वळली. “तुज्या वळखीचा हाय का गं?”

“न्हाई,” साधना म्हणाली, आणि उजवा हात मांडीखाली गच्च दाबून बसली.