परातीतलं पीठ

कौसल्या गेल्याचा फोन राजूरच्या एसटीडी बूथवर आला, तेव्हा पुंजारामच्या पिशवीत तिच्या ताकदीच्या पावडरचा नवा डबा होता. तो डबा घेऊन जालन्याच्या दवाखान्यात निघाला होता. दुपारी बायकोलाच गाडीतून घरी आणावं लागलं.

तिला गहू चालत नव्हता. सिलिएक म्हणतात तो आजार. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडं आतून सोलवटतं. दोन वर्षं पुंजारामनं घरात गहू येऊ दिला नव्हता. गिरणीत गव्हावरच ज्वारी दळतात म्हणून त्यानं जातं आणलं, स्वतः ओढलं. तरी ती वाळत गेली. "कुठून तरी गहू जातोय पोटात, शोधा," डॉक्टर म्हणाले होते. त्याला सापडलं नव्हतं. आता तोच आजार त्याच्या एकुलत्या लेकीला, बेबीनंदाला निघाला होता.

रात्री, घरात कौसल्याला ठेवलं होतं त्या जागी पुंजारामच्या चांगुणाकाकूनं दिवा लावला. परातीत पीठ पसरलं, वर टोपलं पालथं घातलं. गेलेला जीव पिठावर खूण ठेवून जातो म्हणतात. सकाळी टोपलं उचललं. पीठ जसंच्या तसं.

"एवढं कोरं म्या कधी बघितलं न्हाई," काकू म्हणाली. "रुसली का काय?"

"पीठ कशाचं हाय?" पुंजारामनं विचारलं.

"गव्हाचं. शेजारून आणलं. तुझ्या घरात कुठं असतंय?"

"मंग कशी शिवंल ती?"

दुसऱ्या दिवशी पुंजारामनं जात्यावरचं ज्वारीचं पीठ पसरलं. सकाळी त्यावर चार बोटं उमटली होती, भाकरी थापताना उमटतात तशी. करंगळी वाकडी होती. कौसल्याची होती तशीच.

काकूनं हात जोडले. पुंजारामचं लक्ष मात्र चुलीपाशी होतं. बेबीनंदा नवा डबा फोडत होती.

"वाया कशाला घालवायचा, बाबा? ताकद मला बी लागतीच की."

डब्यावर सगळं इंग्रजीत होतं. बेबीनंदानं वाचून सांगितलं होतं, गव्हाचं नाव कुठं नाही. औषधवाला तर हसला होता. "काका, पावडरीत कुठं गहू असतोय?" कंपनीला पत्र टाकून चार महिने झाले होते. उत्तर नव्हतं.

पुंजारामनं लेकीच्या हातातला चमचा काढून घेतला. "उद्यापर्यंत थांब."

त्या संध्याकाळी दोन पराती मांडल्या. एकीत ज्वारीचं पीठ, दुसरीत पावडर. सकाळी पिठावर चार बोटं होती. पावडर कोरी होती.

तो तिथंच बसून राहिला. चौदा महिने, रोज दोन चमचे, दुधातून. त्यानंच पाजले होते. "आग पडती हो पोटात," ती म्हणायची. "ताकदीचं हाय, पी," तो म्हणायचा.

डबा त्यानं उकिरड्यात पुरला. पुढं रोज तिचं एकेक औषध. लोहाच्या गोळ्या कुटून पसरल्या, बोटं उमटली. कॅल्शियमच्या पसरल्या, उमटली नाहीत. ज्वारीचं पीठ दर वेळी शेजारी होतंच. त्यावरची खूण मात्र रोज फिकट होत चालली होती.

दहाव्याचं आटोपून काकू दिवा काढायला वाकली. पुंजारामनं तिचा हात धरला.

"पुंजा, दमली ती. जाऊ दे आता तिला."

"दोन डबे बघायचे राहिलेत, काकू."

"आन् मंग?"

तो दिव्यात तेल घालत राहिला. बेबीनंदा एकोणीस वर्षांची होती. गोळ्या आणि पावडरी तिला जन्मभर लागणार होत्या. त्या सगळ्या तपासायच्या राहिल्या होत्या.