वरच्या मजल्यावरचा पाइप

ढण्! ढण्! ढण्!

पाइप वाजला तसा वितोमिर आरशापुढे गेला, मिशा सारख्या केल्या आणि इस्त्रीचा शर्ट अंगात चढवला. वर जाऊन भांडायचं होतं.

हा पाइप वरच्या मजल्यावर राहणाऱ्या देसांकाच्या स्वयंपाकघरातून थेट त्याच्या स्वयंपाकघरात उतरत होता. सकाळी तिने नळ सोडला की खाली भिंत हादरायची, आणि वितोमिर तरातरा जिना चढायचा.

“देसांकाबाई, आज पुन्हा वाजला!”

“अगंबाई, वाजला? भांडी विसळत होते हो. नळ जरा जोरात सुटला असेल. या, आत या.”

आता भांडायला आलेला असला तरी पाहुणा तो पाहुणा. त्याला आधी चमचाभर मुरंबा आणि त्यावर ग्लासभर पाणी दिल्याशिवाय सर्बियातल्या या निश शहरातली कुठली बाई तोंड उघडेल? मग कॉफी. एवढं पोटात गेल्यावर भांडण करायचं तरी कोणत्या तोंडाने?

देसांका ओट्यावरची मांस कुटायची लाकडी हातोडी बाजूला सारून ट्रेला जागा करायची. ईस्टरआधीचे कडक उपवास चालू होते, घरात मांसाचा तुकडा नव्हता, तरी हातोडी आपली ओट्यावरच. बाईंना आवराआवरीचं वावडंच दिसतंय, असं वितोमिर मनातल्या मनात कौतुकाने म्हणायचा.

बायको गेल्यापासून त्याचं घर मुकं झालं होतं. देसांकाही एकटीच. तिच्या टेबलाशी घालवलेला तो थोडासा वेळ त्याला दिवसभर पुरायचा. ती आपल्याला आवडते, हे त्याने स्वतःशी केव्हाच कबूल केलं होतं. तिच्यापुढे बोलायची मात्र छाती होत नव्हती. विधुराने काही कामाशिवाय विधवेचं दार वाजवलं असतं तर तळमजल्यावरच्या बायकांना वर्षभर चघळायला विषय मिळाला असता. तक्रार होती म्हणून बरं.

पण ती तक्रार जरा जास्तच रंगली. अंगणातल्या बाकावर बसून त्याने पाइपाच्या नावाने इतका शंख केला की इमारतीच्या कमिटीने एक दिवस प्लंबरच धाडला.

मिलुतिन प्लंबरने दोन्ही घरांतला पाइप ठोकून पाहिला, कान लावून पाहिला.

“काका, पाइपात काही दोष नाही. वर बाईंकडे एके ठिकाणी त्याचा हिरवा रंग तेवढा उडालाय.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय?”

“तसं कुठे म्हणतोय! पाइप भिंतीला धरणाऱ्या प्रत्येक पट्टीखाली रबर घालतो. मग तर झालं? आता तोफ डागली तरी वाजायचा नाही.”

आणि खरंच, पाइप गप्प झाला. वितोमिरने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. रोज सकाळी तो शर्ट घालून पाइपाजवळ बसून राहायचा. एकदा जिन्यात देसांका भेटली.

“आता शांत वाटत असेल ना?” तिने विचारलं.

“हो तर. फारच शांत.”

दोघंही जरा घुटमळली, मग ती वर गेली आणि तो खाली. भाजी आणायला निघालेला वितोमिर भाजी न घेताच परत आला.

मग एका सकाळी गल्ली खणायला यंत्र आलं. नळाने फुस्स केलं आणि मान टाकली. वितोमिर खणणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पातेल्यात उरलेल्या पाण्याने दाढी करायला बसला.

ढण्! ढण्! ढण्!

वस्तरा हातातून निसटला.

“वाजलास रे माझ्या राजा!” तो पाइपाला म्हणाला आणि एका गालावरचा फेस तसाच ठेवून जिना चढला.

देसांकाने लगेच दार उघडलं. तिचे गाल लाल झाले होते.

“पुन्हा वाजला?”

“वाजला म्हणजे काय! भिंत हादरली!”

“मग रबर कुचकामीच निघालं म्हणायचं. भांडी विसळत होते हो. बसा, बसा ना.”

तिने चेरीच्या मुरंब्याचा चमचा त्याच्या हातात दिला. त्याने तो तोंडात घातला आणि सुखाने डोळे मिटले. रीतीप्रमाणे पाणी द्यायला तिने ग्लास नळाखाली धरला, नळ सोडला.

नळाला टिपूस नव्हता.

देसांका ग्लास धरून तशीच उभी राहिली. वितोमिरची नजर नळावरून पाइपावर गेली, पाइपावरून ओट्यावरच्या हातोडीवर. हातोडीच्या तोंडाला हिरवा रंग लागला होता.